तक्त्यातून शक्यता कशी काढायची? नीट २०२५ च्या खऱ्या आकड्यांवर शिकूया

१४ जून २०२५ ला नीटचा निकाल लागला आणि तासाभरात माझ्या व्हॉट्सॲपवर क्लासेसची पोस्टर्स यायला लागली. त्यातलं एक मुखेडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने पाठवलं होतं. तिची दहावी नुकतीच झाली होती. अकरावीला तिला नांदेडला ठेवायचं की लातूरला, यावर घरात रोज चर्चा चालू होती. क्लासची फी, होस्टेल, मेस असा सगळा हिशोब सोयाबीनच्या पैशांवर बसवायचा होता.

पोस्टरवर लिहिलं होतं: 'नीटमध्ये मुलींची बाजी! पात्र विद्यार्थ्यांत ५८ टक्के मुली.' त्याखाली तिचा मेसेज: 'दादा, म्हणजे मुलींचा चान्स ५८ टक्के ना? मग माझा नंबर लागंल की!'

पोस्टरवरचा आकडा बरोबर होता. तिने काढलेला अर्थ चुकला होता. आणि ही चूक फक्त तिची नाही. टक्केवारीची बातमी वाचताना, पोस्टर बघताना आपण जवळपास सगळेच ती करतो. म्हणून या लेखात आपण तोच तक्ता घेऊन शक्यता काढायला शिकू. मोबाईलचा साधा कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. शेवटी गूगल शीट्समध्ये हे कसं करायचं तेही सांगतो.

आधी एकच सूत्र

दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण असतं. नाणं, फासा, पत्त्यांचा कॅट अशी उदाहरणं त्यात असतात. तक्त्यातून शक्यता काढताना सूत्र तेच राहतं:

शक्यता = आपल्याला हवे तेवढे ÷ ज्यांच्यातून निवडतोय ते एकूण

वरचा आकडा म्हणजे अंश, खालचा म्हणजे छेद. उत्तर नेहमी ० आणि १ च्या मध्ये येतं. त्याला १०० ने गुणलं की टक्के मिळतात. उत्तर १ पेक्षा मोठं आलं, तर समजा की अंश आणि छेद उलटे टाकलेत.

गणित इतकंच आहे. अवघड भाग आहे तो छेद कोणता घ्यायचा हे ठरवण्याचा. प्रश्नात 'कोणांपैकी?' हे नीट वाचलं की छेद सापडतो. हे दोन शब्द लेखभर लक्षात ठेवा: कोणांपैकी?

आपला तक्ता

नीट २०२५ ची परीक्षा ४ मे २०२५ ला झाली. २२,७६,०६९ जणांनी नोंदणी केली होती, त्यातल्या २२,०९,३१८ जणांनी परीक्षा दिली. निकालाबरोबर परीक्षा घेणाऱ्या एनटीएने जाहीर केलेले आकडे असे:

| | पात्र | अपात्र | परीक्षा दिली (एकूण) |
|---|---|---|---|
| मुली | ७,२२,४६२ | ५,४९,४३४ | १२,७१,८९६ |
| मुले | ५,१४,०६३ | ४,२३,३४८ | ९,३७,४११ |
| तृतीयपंथी | ६ | ५ | ११ |
| एकूण | १२,३६,५३१ | ९,७२,७८७ | २२,०९,३१८ |

'अपात्र' हा रकाना मी वजाबाकी करून भरलाय. तक्ता हातात आला की पहिलं काम म्हणजे बेरजा तपासणं. आडव्या ओळींची बेरीज उजवीकडे आणि उभ्या रकान्यांची बेरीज खाली जुळली पाहिजे. जुळली नाही तर पुढची सगळी टक्केवारी वाया.

आता या एकाच तक्त्यातून पाच प्रकारचे प्रश्न विचारता येतात.

प्रश्न १ : साधी शक्यता

परीक्षा दिलेल्यांपैकी कोणीही एक डोळे झाकून निवडला, तर तो विद्यार्थी पात्र असण्याची शक्यता किती?

कोणांपैकी? परीक्षा दिलेल्या सगळ्यांपैकी. म्हणजे छेद २२,०९,३१८.

१२,३६,५३१ ÷ २२,०९,३१८ = ०.५५९७, म्हणजे ५५.९७ टक्के.

तसंच निवडलेला विद्यार्थी मुलगी असण्याची शक्यता: १२,७१,८९६ ÷ २२,०९,३१८ = ५७.५७ टक्के.

प्रश्न २ : 'नाही'ची शक्यता

अपात्र असण्याची शक्यता किती? वेगळा भागाकार करायची गरज नाही. १०० मधून वजा करा: १०० − ५५.९७ = ४४.०३ टक्के. पात्र आणि अपात्र मिळून सगळे विद्यार्थी येतात, म्हणून हे चालतं.

याच पद्धतीने गैरहजेरीही काढता येते. नोंदणी केलेले वजा परीक्षा दिलेले म्हणजे ६६,७५१. इथे छेद बदलला बरं का, कारण आता आपण नोंदणी केलेल्यांबद्दल बोलतोय. ६६,७५१ ÷ २२,७६,०६९ = २.९३ टक्के.

प्रश्न ३ : 'आणि'

निवडलेला विद्यार्थी मुलगी असेल आणि पात्रही असेल, याची शक्यता किती?

मुलींची ओळ आणि पात्रचा रकाना जिथे एकमेकांना छेदतात तो चौकोन बघा: ७,२२,४६२. छेद अजूनही सगळे विद्यार्थी.

७,२२,४६२ ÷ २२,०९,३१८ = ३२.७० टक्के.

प्रश्न ४ : 'किंवा'

मुलगी असेल किंवा पात्र असेल, याची शक्यता? इथे बरेच जण ५७.५७ आणि ५५.९७ ची बेरीज करतात. उत्तर येतं ११३.५४ टक्के. शंभराच्या वर गेलं म्हणजे काहीतरी दोनदा मोजलंय. पात्र मुली दोन्हीकडे आल्या, मुलींमध्येही आणि पात्रांमध्येही. त्यांना एकदा वजा करायचं:

५७.५७ + ५५.९७ − ३२.७० = ८०.८४ टक्के.

प्रश्न ५ : अट घालून शक्यता

आता खरा मुद्दा. 'मुलगी आहे हे माहीत आहे, मग ती पात्र असण्याची शक्यता किती?'

कोणांपैकी? फक्त मुलींपैकी. म्हणजे मुलांची आणि तृतीयपंथींची ओळ हाताने झाकून टाका. आता तुमच्यासमोर फक्त मुलींची ओळ उरली. छेद १२,७१,८९६.

७,२२,४६२ ÷ १२,७१,८९६ = ५६.८० टक्के.

मुलांसाठी तेच करा: ५,१४,०६३ ÷ ९,३७,४११ = ५४.८४ टक्के.

म्हणजे परीक्षा दिलेल्या मुलींमध्ये पात्र होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा साधारण दोन टक्क्यांनी जास्त होतं.

मग पोस्टरवरचे ५८ टक्के कुठून आले? त्यांनी रकाना झाकला, ओळ नाही. त्यांनी फक्त 'पात्र' हा रकाना घेतला आणि त्यात मुली किती ते मोजलं:

७,२२,४६२ ÷ १२,३६,५३१ = ५८.४३ टक्के.

दोन्ही भागाकारांत अंश एकच, ७,२२,४६२. फक्त छेद वेगळा. 'पात्र झालेल्यांपैकी मुली किती' आणि 'मुलींपैकी पात्र किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथे उत्तरं जवळजवळ आली (५८ आणि ५७), म्हणून चूक लपून गेली. पुढच्या उदाहरणात ती लपणार नाही.

आणखी एक गोष्ट. पात्रांत ५८ टक्के मुली का, याचं मोठं कारण हे की परीक्षा देणाऱ्यांतच ५७.५७ टक्के मुली होत्या. जास्त आल्या, म्हणून जास्त दिसल्या. 'बाजी' किती ते बघायचं असेल तर ५६.८० आणि ५४.८४ यांची तुलना करायला हवी.

५६ टक्के पात्र झाले, म्हणजे पेपर सोपा होता का?

नाही. हा आकडा बऱ्यापैकी नियमातूनच येतो. नीटमध्ये पात्र ठरण्यासाठी ठरावीक मार्क नसतात, पर्सेंटाइल असतं. खुल्या गटासाठी ५० वं पर्सेंटाइल, तर ओबीसी, एससी, एसटीसाठी ४० वं. ५० वं पर्सेंटाइल म्हणजे ढोबळमानाने निम्मे विद्यार्थी तुमच्या खाली. मग एकूण पात्रांचं प्रमाण ५० आणि ६० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी येणारच. पेपर सोपा असो की अवघड, कटऑफ वरखाली होतो, पण पात्रांचं प्रमाण फारसं हलत नाही.

२०२५ ला पेपर अवघड गेला. ७२० पैकी १४४ मार्कांवर खुल्या गटातला विद्यार्थी पात्र ठरला, राखीव गटातला ११३ वर. तरीही ५५.९७ टक्के पात्र झालेच.

हे पोस्टर वाचताना कामाला येतं. एखादा क्लास म्हणाला, 'आमचे ६० टक्के विद्यार्थी नीट पात्र!', तर देशभरात क्लास लावलेले, न लावलेले सगळे धरून ५६ टक्के पात्र झालेत हे आठवा. त्यात मोठं असं काही नाही.

पात्र होणं वेगळं, नंबर लागणं वेगळं

माझ्या मावसबहिणीला विचारायचं होतं ते नंबर लागण्याबद्दल, म्हणजे एमबीबीएसला जागा मिळण्याबद्दल. पोस्टर बोलत होतं पात्र होण्याबद्दल. हे दोन शब्द आपण बोलताना सर्रास मिसळतो.

देशभरात एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाखाच्या आसपास आहेत. हिशोबासाठी १,२५,००० धरू.

परीक्षा दिलेल्यांपैकी: १,२५,००० ÷ २२,०९,३१८ = साधारण ५.७ टक्के.
पात्र झालेल्यांपैकी: १,२५,००० ÷ १२,३६,५३१ = साधारण १०.१ टक्के.

म्हणजे परीक्षा दिलेल्या दर १७-१८ जणांमागे एक जागा. पात्र झालेल्या दर १० जणांमागे एक. त्यातल्या निम्म्याच्या आसपासच जागा सरकारी कॉलेजांत आहेत. खासगी कॉलेजची फी परवडणार नसेल, तर तुमच्यासाठी अंश आणखी निम्मा होतो.

५८ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर आलो. एकच परीक्षा, एकच वर्ष, फक्त प्रश्न नीट विचारला. आकडा छोटा झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, पण फीचा हिशोब ५८ टक्क्यांवर मांडू नये.

हे देशाचं सरासरी गणित झालं. प्रत्यक्षात तुमची जागा तुमच्या गटावर आणि राज्यावर ठरते. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे हाच नियम.

छेद बदलला की काय होतं, याचं मराठवाड्याला जवळचं उदाहरणही आहे. पूर्वी राज्यात मेडिकलला ७०:३० ची पद्धत होती. ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या विद्यार्थ्यांना, ३० टक्के बाहेरच्यांना. सप्टेंबर २०२० मध्ये ती रद्द झाली. मराठवाड्यात कॉलेजं कमी, त्यामुळे इथल्या मुलांना उरलेल्या राज्यातल्या बहुतेक जागांसाठी फक्त ३० टक्क्यांतच स्पर्धा करावी लागायची. ही पद्धत गेल्यावर त्या दिवशी एकही नवीन कॉलेज उघडलं नाही, तरी कोण कोणत्या जागांसाठी मोजला जाणार हे बदललं. म्हणजे शक्यताही बदलली.

क्लासचं पोस्टर कसं वाचायचं?

लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर भागात फिरलात तर भिंतीच्या भिंती फोटोंनी भरलेल्या दिसतात. फोटो म्हणजे अंश. छेद कुठेच लिहिलेला नसतो.

खालचे आकडे मी फक्त समजावण्यासाठी बनवलेत, कोणत्याही खऱ्या क्लासचे नाहीत:

| | एमबीबीएसला लागले | नाही लागले | एकूण विद्यार्थी |
|---|---|---|---|
| मोठा क्लास | १२० | १,८८० | २,००० |
| छोटा क्लास | १८ | १३२ | १५० |
| एकूण | १३८ | २,०१२ | २,१५० |

मोठ्या क्लासचं पोस्टर म्हणेल: 'गावातून एमबीबीएसला लागलेल्यांपैकी ८७ टक्के आमचे!' १२० ÷ १३८ = ८६.९६ टक्के. हिशोब बरोबर आहे.

पण पालकांचा प्रश्न उलटा असतो. 'माझं पोर तुमच्याकडे टाकलं तर?' म्हणजे त्या क्लासच्या विद्यार्थ्यांपैकी किती लागले? मोठा क्लास: १२० ÷ २,००० = ६ टक्के. छोटा क्लास: १८ ÷ १५० = १२ टक्के.

८७ टक्के आणि ६ टक्के. दोन्ही आकडे खरे, दोन्ही एकाच तक्त्यातले. आता कळलं ना, ओळ झाकायची की रकाना झाकायचा, याने काय फरक पडतो?

मग छोटा क्लास दुप्पट चांगला का? लगेच असं म्हणू नका. छोट्या क्लासने प्रवेश परीक्षा घेऊन आधीच हुशार मुलं निवडली असतील, तर १२ टक्क्यांत शिकवण्याचा वाटा किती आणि निवडीचा किती, हे या तक्त्यातून कळत नाही. 'काय घडलं' हे तक्ता सांगतो, 'कशामुळे घडलं' हे त्याला माहीत नसतं.

म्हणून प्रवेश घेण्याआधी क्लासला हे चार प्रश्न विचारा:

१. त्या वर्षी तुमच्याकडे नीटसाठी एकूण किती विद्यार्थी होते?
२. फोटोंतले किती जण पूर्ण दोन वर्षं इथे शिकले आणि किती जणांनी फक्त टेस्ट सिरीज घेतली?
३. त्यातले किती जण रिपीटर होते?
४. 'निवड' म्हणजे नीट पात्र, एमबीबीएस, की बीएएमएस, बीडीएस सगळं मिळून?

हे विचारायला लाजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता कोर्स घेतला होता हे जाहिरातीत सांगणं त्यानुसार बंधनकारक आहे. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

छोट्या आकड्यांपासून सावध

आपल्या पहिल्या तक्त्यात तृतीयपंथी विद्यार्थ्यांची ओळ पुन्हा बघा. ११ पैकी ६ पात्र, म्हणजे ५४.५५ टक्के. अजून एक जण पात्र झाला असता तर ७ ÷ ११ = ६३.६४ टक्के. एका विद्यार्थ्याने नऊ टक्क्यांचा फरक! मुलींच्या ओळीत एक विद्यार्थिनी वाढली तर टक्केवारी जागची हलत नाही.

म्हणून छेद छोटा असेल तेव्हा टक्के सांगू नका, सरळ '११ पैकी ६' म्हणा. 'आमच्या स्पेशल बॅचचा निकाल १०० टक्के' असं कोणी म्हणालं की आधी विचारा, बॅचमध्ये होते किती? चार?

मोबाईलवर गूगल शीट्समध्ये कसं करायचं?

१. शीट्स ॲप उघडा, अधिकच्या चिन्हावर टॅप करा आणि नवीन स्प्रेडशीट घ्या.

२. वरचा तक्ता तसाच भरा. आकडे इंग्रजी अंकांत आणि स्वल्पविरामाशिवाय टाका. मराठी अंक टाकले तर शीट त्यांना मजकूर समजू शकते आणि मग भागाकार होत नाही.

३. रिकाम्या चौकोनात बरोबरचं चिन्ह टाका. मग मुलींच्या 'पात्र' आकड्यावर टॅप करा, तिरकी रेघ (भागाकाराचं चिन्ह) टाका, मुलींच्या 'एकूण' आकड्यावर टॅप करा आणि बरोबरची टिक दाबा. ०.५६८० दिसेल.

४. तो चौकोन निवडून फॉरमॅटमध्ये जा, सेल, मग नंबर फॉरमॅट, त्यात पर्सेंट निवडा. ५६.८० टक्के दिसेल.

५. हाच फॉर्म्युला खालच्या ओळींत कॉपी करा. प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा छेद आपोआप मिळतो.

इथे एक ठिकाणी हमखास गडबड होते. सगळ्यांसाठी छेद एकच हवा असेल (उदाहरणार्थ २२,०९,३१८), तर कॉपी करताना तोही खाली सरकतो आणि उत्तरं चुकतात. अशा वेळी फॉर्म्युल्यात त्या चौकोनाच्या अक्षराआधी आणि अंकाआधी डॉलरचं चिन्ह टाका. मग तो छेद जागेवर पक्का राहतो.

तुमच्याकडे तयार तक्ता नसेल, नुसती यादी असेल (एका रकान्यात मुलगा किंवा मुलगी, दुसऱ्यात पास किंवा नापास), तर काउंटइफ्स हा फॉर्म्युला वापरा. त्यात पहिला रकाना आणि 'मुलगी', दुसरा रकाना आणि 'पास' असं दिलं की दोन्ही अटी पाळणाऱ्या ओळी तो मोजून देतो. म्हणजे तक्त्याचा एक चौकोन तयार. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्मवर माहिती गोळा केली असेल तर हे फार उपयोगी पडतं.

सरावासाठी : नांदेड आणि लातूर

२०११ च्या जनगणनेतले दोन जिल्ह्यांचे आकडे:

| | पुरुष | स्त्रिया | एकूण |
|---|---|---|---|
| नांदेड | १७,३०,०७५ | १६,३१,२१७ | ३३,६१,२९२ |
| लातूर | १२,७३,१४० | ११,८१,०५६ | २४,५४,१९६ |
| एकूण | ३०,०३,२१५ | २८,१२,२७३ | ५८,१५,४८८ |

खालची उत्तरं झाकून आधी स्वतः काढा.

(अ) दोन्ही जिल्ह्यांतून एक व्यक्ती निवडली, ती नांदेडची असण्याची शक्यता?
(ब) ती नांदेडची आणि स्त्री असण्याची शक्यता?
(क) ती नांदेडची आहे हे माहीत असेल, तर स्त्री असण्याची शक्यता?
(ड) लातूरची आहे हे माहीत असेल, तर?

उत्तरं: (अ) ५७.८० टक्के. (ब) २८.०५ टक्के. (क) ४८.५३ टक्के. (ड) ४८.१२ टक्के.

(क) आणि (ड) जवळपास सारखे आहेत. म्हणजे व्यक्ती कोणत्या जिल्ह्यातली हे कळल्याने ती स्त्री की पुरुष याचा अंदाज फारसा सुधारत नाही. अशा दोन गोष्टींना गणितात एकमेकींपासून स्वतंत्र म्हणतात (इथे अगदी तंतोतंत नाहीत, पण जवळपास). क्लासच्या तक्त्यात ६ आणि १२ टक्के आले होते, तिथे क्लास कळल्याने अंदाज बदलत होता. अट घातल्यावर टक्के बदलतात का, एवढं बघितलं की दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही ते कळतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*शक्यता ५.७ टक्के आहे, म्हणजे माझी शक्यताही ५.७ टक्केच?*
नाही. ही डोळे झाकून निवडलेल्या विद्यार्थ्याची शक्यता आहे. तुमचे सराव परीक्षेतले मार्क माहीत झाले की छेद बदलतो. मग प्रश्न होतो, 'एवढे मार्क मिळवणाऱ्यांपैकी किती जणांना जागा मिळाली?' तयारी वाढते तसं तुम्ही वेगळ्या ओळीत जाता.

*टक्के आणि पर्सेंटाइल एकच का?*
नाही. टक्के म्हणजे १०० पैकी तुम्हाला किती मार्क. पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी साधारण किती विद्यार्थी तुमच्या खाली. ७२० पैकी १४४ म्हणजे २० टक्के मार्क, पण २०२५ ला तेच ५० वं पर्सेंटाइल होतं.

*मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून पुढच्या वर्षाचं सांगता येतं का?*
अंदाज बांधता येतो. पेपर, जागा आणि परीक्षा देणाऱ्यांची संख्या साधारण तशीच राहिली तर तो जुळतो. यातलं काही बदललं की अंदाजही बदलायचा.

मावसबहिणीचं पुढे काय झालं?

तिला मी हाच तक्ता पाठवला आणि सांगितलं, आधी मुलांची ओळ झाक, मग उत्तर काढ. ५६.८० आलं. मग जागांचा भागाकार करायला लावला. थोडा वेळ काहीच मेसेज आला नाही. मग आला: 'दादा, अठरामध्ये एक? एवढं कमी?'

मी म्हटलं, कमी आहे, पण शून्य नाही. शिवाय हा आकडा तुझा नाही, सगळ्यांचा आहे. दोन वर्षांत तू कोणत्या ओळीत जातेस ते तुझ्या हातात बऱ्यापैकी आहे. फक्त घरच्यांनी पैसे लावायचे ते खरा आकडा बघून लावावेत.

पुढच्या आठवड्यात मावशी आणि काका तिला घेऊन दोन क्लासमध्ये जाऊन आले. तिने दोन्हीकडे पहिला प्रश्न विचारला: 'एकूण विद्यार्थी किती होते?' एका ठिकाणी वहीतून आकडा काढून दाखवला. दुसऱ्या ठिकाणी फोटो किती आहेत तेच परत सांगितलं. पहिल्या क्लासचं पोस्टर छोटं होतं. प्रवेश तिथे घेतला.